दरींतलें देऊळ आणि डोंगरांतली आगगाडी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची ही स्मरणिका हातीं पडेल तेव्हां तींत आपल्या देवळाचा, शाळेचा आणि पूर्वजांचा इतिहास वाचकांस सविस्तर वाचावयास मिळेल. तें काम माझ्याहून जाणत्या मंडळींनीं अंगावर घेतलें आहे. मला मात्र संपादकांनीं "कांहींतरी इतिहासपर लिहा, विषय तुमच्या मर्जीचा," अशी मोकळीक दिली. ती मिळतांच बरेच दिवस मनांत घर करून बसलेला एक विषय आपण होऊन पुढें आला. तो म्हणजे इंग्लंडांतील एका आडवळणाच्या खेड्यांतलें लहानसें देऊळ आणि त्याच्या शिवेवरून गेलेली आगगाडी. विषय परका आहे, देऊळहि आपल्या पंथाचें नाहीं. परंतु ज्या माणसाला पंचवीसांहून अधिक वर्षें बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या स्वतःच्या हातानें भराव्या लागल्या, त्याला दुसऱ्या कोणा पाद्र्याची दफनाची वही कां ओढ लावते, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशर परगण्याच्या वायव्य कोपऱ्यांत इंगलबरो आणि व्हर्नसाइड असे दोन डोंगर आहेत. पहिल्याची उंची २३७२ फूट, दुसऱ्याची २४१५. आपल्या कळसूबाईपुढें हे डोंगर म्हणजे टेकाडेंच म्हणावयाचीं; परंतु उघडे, बोडके, वाऱ्यानें झोडपलेले असे ते आहेत. त्यांच्यामधल्या दरींत जी विरळ वस्ती आहे तिचें नांव चॅपल-ले-डेल. नांवाचा अर्थच 'दरींतलें लहान देऊळ' असा होतो, म्हणजे येथें गांवाला देऊळ मिळालें नसून देवळालाच गांव मिळालें असें म्हटलें तरी चालेल. मुलूख चुनखडीचा. पावसाचें पाणी जमिनीवर वाहण्याऐवजीं भेगांतून खालीं गडप होतें आणि आंत विवरें व भुयारें पोखरतें. देवळाच्या अगदीं जवळ हर्टल पॉट नांवाचें एक खोल काळें विवर आहे. त्यांत भूत राहतें अशी जुन्या लोकांची समजूत असे. पलीकडेच वेदरकोटची गुहा, जिचें चित्र टर्नर ह्या विख्यात चित्रकारानें काढलें. वर्षाकाठीं ह्या दरीच्या माथ्यावर सत्तर इंचांहून अधिक पाऊस पडतो. कोंकणच्या माणसाला हा आकडा ऐकून हंसूं येईल. पण आपला पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकून जातो, तेथला बारा महिने रेंगाळत असतो आणि हिवाळ्यांत त्याचें बर्फ होतें.

देऊळ संत लिओनार्द ह्यांच्या नांवाचें आहे. इंगलटन हें खालच्या अंगाचें मोठें गांव. त्या गांवच्या देवळाच्या आधारानें हें उपदेऊळ चाले. घंटेसाठीं मोठा मनोरा नाहीं, नक्षीकाम नाहीं. दगडी भिंती, बुटकें छप्पर, भोंवतीं झाडें. रॉबर्ट साउदी ह्या कवीनें आपल्या 'द डॉक्टर' ह्या ग्रंथाची सुरुवातीची कथा ह्याच दरींत घातली आहे, एवढाच काय तो ह्या जागेचा वाङ्मयांतील लौकिक. संत लिओनार्द हे सहाव्या शतकांतील फ्रान्समधले तपस्वी. बंदिवानांचे, आजाऱ्यांचे आणि बाळंतिणींचे ते कैवारी मानले जातात, व त्यांचा सण ६ नोव्हेंबरला येतो. धनगरांच्या ह्या दरीला असा आश्रयदाता कोणी व कां निवडला असेल तें असो. पुढें १८७० नंतरच्या पांच वर्षांत त्यांच्या अंगणांत जी गर्दी झाली ती पाहतां निवड चुकली नव्हती असें म्हणावें लागतें.

आगगाडी ह्या दरींत आली ती दरीच्या गरजेसाठीं नव्हे. दोन मोठ्या कंपन्यांच्या भाऊबंदकींतून ती आली. मिडलंड रेल्वे ही डर्बी शहरीं मुख्य ठाणें असलेली कंपनी. तिला लंडनहून स्कॉटलंडपर्यंत उतारू न्यावयाचे होते, पण तिचे रूळ इंगलटनला येऊन संपत. तेथून उत्तरेकडे जाणारा फांटा १८६१ सालीं उघडला, तो लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न ह्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातचा. इंगलटनसारख्या गांवांत ह्या दोघींचीं दोन स्टेशनें झालीं, एक दरीच्या ह्या कांठाला आणि दुसरें त्या कांठाला. मध्यें कमानींचा उंच पूल बांधलेला. तरी आरंभीं उतारूंनीं आपलें सामानसुमान, मुलेंबाळें घेऊन ह्या स्टेशनांतून उतरावें, दरी उतरावी, पुन्हा चढावें आणि पलीकडच्या स्टेशनांत गाडी शोधावी, असा प्रकार चालला. पुढें डबे पलीकडे जाऊं लागले तर ते मुद्दाम मंद मालगाड्यांना जोडण्यांत येत. मिडलंडचे व्यवस्थापक जेम्स ऑलपोर्ट ह्यांनीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें साक्ष दिली कीं, आपण स्वतः कोळशाच्या वाघिणींमागें जोडलेल्या डब्यांतून प्रवास केला आहे. दोन श्रीमंत शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या दारांत कांटे पसरावेत आणि ते वाटसरूंच्या पायांत मोडावेत, हा प्रकार आपल्याहि परिचयाचा आहे.

शेवटीं मिडलंडनें स्वतःचाच रस्ता काढावयाचें ठरविलें. सेटल गांवापासून कार्लाइल शहरापर्यंत, डोंगरांच्या कण्यावरून, सुमारें ७२ मैल. १८६६ सालीं पार्लमेंटनें कायदा करून परवानगी दिली. परंतु त्याच सालीं लंडनच्या पेढ्या बुडाल्या, पैसा महाग झाला आणि भागीदार घाबरले. इकडे प्रतिस्पर्धी कंपनीहि नरमली व वाजवी अटींवर आपला मार्ग वापरूं देण्यास तयार झाली. तेव्हां मिडलंडनें १८६९ मध्यें पार्लमेंटकडे उलटा अर्ज केला कीं, ही लाइन बांधण्यांतून आम्हांस मोकळें करा. ज्या दुसऱ्या कंपन्यांनीं ह्या लाइनीवर आशा ठेवली होती त्यांनीं हरकत घेतली आणि पार्लमेंटनें अर्ज फेंटाळला. बोललेला नवस फेडावाच लागला. इतिहासांत असें क्वचित् घडतें: जी लाइन बांधणाऱ्यांनाच नको होती, ती इंग्लंडांतील सर्वांत अवघड व सर्वांत देखण्या लाइनींपैकीं एक ठरली. मी हें येथें विस्तारानें सांगत आहें तें अशासाठीं कीं, पुढें ज्या माणसांना मातीआड जावें लागलें, तीं एका अशा कामासाठीं गेलीं, जें मालकानें स्वतःच रद्द करूं पाहिलें होतें.

मिडलंडला जलद गाड्या हव्या होत्या, म्हणून चढ बेताचा ठेवणें भाग होतें. शंभर फुटांस एक फूट, ह्याहून अधिक चढ नको असें ठरलें. डोंगराळ मुलखांत हें साधावयाचें तर दऱ्यांवर पूल आणि डोंगरांतून बोगदे ह्यांवांचून गति नाहीं. सेटलहून निघालेली लाइन एकसारखी चढत रिबलहेडला येते. ह्या चढाला इंजिनवाले 'लांब ओढ' म्हणत. लाइनीची पहाणी चार्ल्स शारलंड नांवाच्या टास्मानियांत वाढलेल्या तरुण इंजिनियरानें केली. गियरस्टोन्सच्या खाणावळींत तो व त्याचे सोबती एकदां असे बर्फांत कोंडले गेले कीं, पाणी आणण्यासाठीं दारापासून हौदापर्यंत बर्फांतून बोगदा खणावा लागला. काम पुरें झालेलें पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. तरुणपणींच तो वारला. मुख्य इंजिनियर जॉन क्रॉसली म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ, त्यांनीं मात्र काम तडीस नेलें.

चॅपल-ले-डेलच्या वरच्या अंगाला बॅटी मॉस नांवाची दलदल आहे. दलदल म्हणजे कुजलेल्या शेवाळाचा काळा, भिजलेला थर. माणूस गुडघाभर रुततो, गाडीचें चाक आंसापर्यंत जातें. तेथें माल नेण्यासाठीं गाडीला चाकांऐवजीं मोठें पिंप बसवीत आणि घोडे तें गडगडत ओढीत. ह्या दलदलीवर १२ ऑक्टोबर १८७० रोजीं पुलाचा पहिला दगड बसला. पुलास कमानी २४, लांबी ४४० यार्ड, आणि उंची जेथें अधिकांत अधिक आहे तेथें १०४ फूट. पायासाठीं दलदल आणि चिकणमाती उपसून पंचवीस फुटांपर्यंत खालीं खडक गांठावा लागला. "पूल लोंकरीच्या गठ्ठ्यांवर उभा आहे," असें लोक सांगतात, पण तें खरें नव्हे. खांब दगडाचे, कमानी विटांच्या; आणि दर सहावा खांब मुद्दाम जाड बांधला आहे, अशासाठीं कीं एखादी कमान ढांसळलीच तर तिच्याबरोबर सगळी रांग जाऊं नये, पांच कमानींवर नुकसान थांबावें. बांधणाऱ्यानें आपल्या कामाच्या मरणाचीहि तरतूद करून ठेवावी, हा विचार मला फार आवडतो.

पुलाच्या उत्तरेस ब्ली मूर नांवाचा डोंगर. त्याच्या पोटांतून २६२९ यार्ड लांबीचा बोगदा काढला, म्हणजे जवळजवळ दीड मैल. डोंगरमाथ्यापासून बोगदा कोठें कोठें पांचशें फूट खालीं आहे. दोन्ही तोंडांकडून खणून भागेना, म्हणून माथ्यावरून विहिरी खणल्या, माणसें बादल्यांतून खालीं सोडलीं आणि एकाच वेळीं अनेक ठिकाणीं खोदाई चालविली. त्या विहिरींपैकीं तीन वायुवीजनासाठीं आजवर ठेवल्या आहेत. सुरुंगासाठीं डायनामाइट वापरलें, जें त्या वेळीं अगदीं नवें होतें. मेणबत्तीच्या उजेडांत, गुडघाभर पाण्यांत, धुरांत हें काम चाले.

हें काम करणारी माणसें हजारोंनीं आलीं. संबंध लाइनीवर सुमारें सहा हजार मजूर होते, त्यांतील पुष्कळ ह्या पुलाच्या आणि बोगद्याच्या आसपास. त्यांना इंग्रजींत 'नॅव्ही' म्हणत, कारण त्यांच्या आज्यापणज्यांनीं प्रथम नौकानयनाचे कालवे खणले होते. पहिल्या हिवाळ्यांत, १८६९-७० सालीं, थोड्या लोकांनीं चाकांवरच्या एका लाकडी घरांत दिवस काढले. मग दलदलीच्या कांठाला खोपट्या उठूं लागल्या आणि पाहतां पाहतां दोन हजारांची वस्ती झाली. तेथें एक डबकें होतें, त्याला 'बॅटीच्या बायकोचें डबकें' म्हणत. ती बाई त्यांत बुडून मेली अशी दंतकथा. त्यावरून वस्तीला बॅटी ग्रीन हें नांव पडलें. इतर वस्त्यांचीं नांवें आणखी चमत्कारिक. सेबास्टोपोल आणि इंकरमन हीं क्रिमियाच्या लढाईंतलीं. बेल्ग्रेव्हिया हा लंडनचा अत्यंत श्रीमंत मोहल्ला, त्याचें नांव चिखलांतल्या खोपट्यांना दिलें. आणि जेरिको व जेरुसलेम हीं पवित्र शास्त्रांतलीं. जुन्या करारांतल्या जेरिकोचे तट याजकांच्या शिंगांच्या नादानें पडले. ह्या जेरिकोंतले लोक मात्र डोंगर पाडण्यासाठीं डायनामाइट आणीत. चेष्टा करणाऱ्यांना शास्त्र ठाऊक होतें, एवढें तरी ह्यावरून दिसतें.

अशा वस्त्यांविषयीं लिहिणारे लेखक दारू, मारामाऱ्या आणि पगाराच्या दिवशींचा गोंधळ ह्यांवर फार वेळ रमतात. तें खोटें नव्हतें. परंतु तेवढेंच खरें नव्हतें. बॅटी ग्रीनला शाळा होती, टपालघर होतें, दुकानें होतीं, वाचनाची खोली होती, इस्पितळ होतें. ब्रॅडफर्डच्या मिशननें जेम्स टिप्लडी नांवाचा एक प्रचारक तेथें ठेवला होता. कंपनी त्या कामास मदत करी. खोपट्यांतून मुलें जन्मत होतीं, बायका दहा दहा भाडेकरूंची भाकरी भाजीत होत्या. वेतन शेतावरच्या मजुरीहून बरेंच अधिक होतें म्हणून लोक आले, आणि पाऊस व दलदल ह्यांना कंटाळून पुष्कळ निघूनहि गेले. पहिल्या ठेक्याचा कंत्राटदार तर १८७१ मध्यें पैशापायीं इतका अडचणींत आला कीं कंपनीला काम स्वतःच्या हातीं घ्यावें लागलें.

त्याच १८७१ सालीं देवीची साथ आली. एका खोपटींत एक कुटुंब आणि त्याचे भाडेकरू मिळून दाटीनें राहात. तेथें देवी शिरल्यावर काय होणार? इस्पितळ भरलें. आणि बॅटी ग्रीनला स्वतःचें कबरस्थान नव्हतें. प्रेत उतरणीच्या वाटेनें दरींत आणावयाचें, संत लिओनार्दच्या देवळाशीं. ज्या अंगणांत पिढ्यान् पिढ्या दरींतले धनगर आणि शेतकरी सावकाश एकामागून एक विसावत होते, तेथें आतां आज बोगद्यांतला माणूस, उद्यां कोणाची तान्ही मुलगी, परवां बाळंतीण, असें सुरू झालें. लाइनीच्या बांधकामाच्या त्या थोड्या वर्षांत दोनशेंहून अधिक पुरुष, बायका आणि मुलें ह्या देवळाच्या अंगणांत पुरलीं गेलीं. जागा अपुरी पडली. रेल्वे कंपनीनें पैसे देऊन अंगण वाढविलें. कंपनीच्या हिशेबांत पुलाच्या दगडाखालीं, विटांखालीं, डायनामाइटखालीं हीहि एक रक्कम पडली.

आतां त्या वहीकडे येऊं. इंग्लंडच्या देवळांतून दफनाची नोंद कशी ठेवावी ह्याचा एक कायदा १८१२ सालीं झाला होता, आणि तेव्हांपासून छापील वह्या आल्या. त्यांत रकाने ठरलेले: मृताचें नांव, राहण्याचें ठिकाण, दफनाची तारीख, वय, आणि विधि करणाऱ्याची सही. मृत्यूचें कारण हा रकाना नाहीं. धंदा हाहि नाहीं. लहान देवळाचा पाद्री लहान वहींत वर्षानुवर्षें ओळखीच्या घराण्यांचीं तींच तींच नांवें लिहितो, आणि राहण्याच्या रकान्यांत शेतवाड्यांचीं जुनीं नांवें. मग एके दिवशीं त्याच रकान्यांत तो लिहूं लागतो: बॅटी ग्रीन. जेरिको. सेबास्टोपोल. मुडद्याबरोबर आलेल्या माणसाला विचारल्यावांचून नांवाचें स्पेलिंग कळत नसेल; वय विचारलें तर तोहि अदमासानें सांगत असेल. नॅव्ही लोक एकमेकांना टोपणनांवांनीं हांका मारीत, आणि खऱ्या नांवाचा पत्ता सोबत्यालाहि नसे, असें त्या काळच्या पुष्कळ लाइनींवर घडलें आहे. मीं स्वतः साथीच्या दिवसांत अशा नोंदी केल्या आहेत. शाई वाळण्यापूर्वीं दुसरें नांव लिहावें लागणें म्हणजे काय, हें अनुभवानेंच कळतें.

येथें आपल्या वाचकांच्या मनांत एक शंका येईल, ती मलाहि आली. मजुरांत आयर्लंडचे लोक असत; त्यांत कॅथोलिक असणार. त्यांचें काय झालें? इंग्लंडांत १८२९ सालीं कॅथोलिकांवरचीं बंधनें उठलीं आणि १८५० सालीं आपलें धर्मप्रांत पुन्हां स्थापन झाले. पण दफनाचा कायदा मागेंच राहिला होता. धर्मग्रामांत राहणाऱ्या कोणालाहि तेथल्या देवळाच्या अंगणांत पुरण्याचा हक्क होता, मग तो कोणत्याहि पंथाचा असो. विधि मात्र इंग्लंडच्या सरकारी चर्चचाच झाला पाहिजे. दुसऱ्या पंथाच्या विधीनें किंवा मुकाट्यानें तेथें पुरण्याची मुभा १८८० च्या कायद्यानें मिळाली, म्हणजे लाइन उघडून चार वर्षें होऊन गेल्यावर. तेव्हां जेरिकोच्या खोपटींत मेलेला कॅथोलिक मजूर ह्या अंगणांत आला असेल तर त्याच्या कबरेवर आपली लॅटिन प्रार्थना मोठ्यानें म्हटली गेली नाहीं. वहींत पंथाचाहि रकाना नाहीं. तरी त्या देवळाच्या पाद्र्यानें दार बंद ठेवलें नाहीं, वाटेल त्याला जागा दिली, आणि प्रत्येकाचें नांव लिहिलें. माझा पंथ वेगळा असूनहि मी त्या गृहस्थाला मनांतल्या मनांत पुष्कळदां नमस्कार केला आहे.

पुलाचा शेवटचा दगड १८७४ मध्यें बसला. ऑगस्ट १८७५ पासून मालगाड्या धांवूं लागल्या, १ मे १८७६ पासून उतारूंच्या गाड्या. खर्च अंदाजाच्या फार वर गेला होता. देवळाच्या आंत भिंतीवर एक संगमरवरी फलक लावण्यांत आला. सेटल ते डेंट हेड ह्या भागांत लाइन बांधतांना अपघातानें ज्यांचे प्राण गेले त्यांच्या स्मरणार्थ तो आहे, आणि सोबत्यांनीं व रेल्वे कंपनीनें मिळून खर्चाचा भार उचलून तो बसविला असें त्यावर नमूद आहे. मजुरांनीं आपल्या पगारांतून पैसे काढले ही गोष्ट मोठी आहे. ती लहान करून दाखविण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु फलक नीट वाचावा. त्यांत अपघातानें गेलेले आहेत. देवीनें गेलेले नाहींत. खोपटींत थंडीनें गेलेलीं तान्हीं मुलें नाहींत, बाळंतपणांत गेलेल्या बायका नाहींत. अंगणांतल्या दोनशेंहून अधिकांपैकीं मोठा भाग ह्यांचाच. शिवाय फलकावर एकहि नांव नाहीं आणि एकंदर संख्याहि नाहीं. मरण लाइनीनें आणलें, पण स्मरण फक्त कामावर मेलेल्यांचें झालें. नांवें हवीं असतील तर वहीकडेच जावें लागतें, आणि वही कारण सांगत नाहीं. अशी ही दोन अर्धवट साक्षींची गोष्ट आहे: एकीपाशीं नांव आहे, दुसरीपाशीं कारण.

हें वाचतांना आपल्या बोरघाटाची आठवण न होणें शक्य नाहीं. इंग्लंडांतल्या ह्या लाइनीचें काम सुरू होण्याच्या तेरा वर्षें आधीं, १८५६ सालीं, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीनें खंडाळ्याचा घाट फोडावयास घेतला. पंधरा मैलांत १८३१ फूट चढावयाचें, पंचवीस बोगदे, आणि चढ ठिकठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट, म्हणजे रिबलहेडच्या जवळजवळ तिप्पट. १८६१ च्या आरंभीं ह्या घाटांत ४२,००० माणसें राबत होतीं. सबंध सेटल लाइनीवरच्या मजुरांच्या सातपट. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्यें येथें आला आणि कांहीं दिवसांतच आजारानें मेला; त्याची विधवा ॲलिस हिनें काम पुरें करून घेतलें, आणि १८६३ मध्यें घाट उघडला. आपल्या मजुरांत पटकी आणि ताप ह्यांनीं काय हाहाकार केला तें इतिहासकार लिहितात, पण लिहितात तें हजारांच्या हिशेबानें. दरींतल्या त्या देवळानें जें केलें, तें एका एका माणसाच्या हिशेबानें केलें.

लाइन उघडल्यावर दरींत शांतता आली, पण देवळाचा आणि आगगाडीचा संबंध तुटला नाहीं. रिबलहेड स्टेशनाभोंवतीं रेल्वेच्या नोकरांचीं घरें होतीं आणि देऊळ तेथून दूर, चढणीची वाट, वारा. तेव्हां प्रार्थनाच स्टेशनावर येऊं लागली. पाद्री महाराज वर येत, स्टेशनांतच उपासना होई आणि हार्मोनियमवर गाणीं म्हटलीं जात. ही चाल कित्येक वर्षें टिकली. तिकिटें कापण्याच्या जागीं स्तोत्रें गाणारे ते स्टेशनमास्तर व लाइनवाले डोळ्यांपुढें आणले कीं मला फार गंमत वाटते. वाऱ्याविषयीं सांगावयाचें तर १९६४ सालीं मालगाडीवरून चाललेल्या कोऱ्या मोटारी पुलावर वाऱ्यानें उचलून खालीं फेंकल्या होत्या.

पुढें सगळ्याच लहान लाइनींवर आलें तें ह्या लाइनीवरहि आलें. १९६३ च्या बीचिंग साहेबांच्या अहवालानें इंग्लंडांतील शेंकडों स्टेशनांवर फुली मारली; ह्या लाइनीवरच्या उतारूगाड्याहि त्यांत होत्या. तेव्हां त्या वांचल्या, तरी १९७० मध्यें सेटल आणि ॲपलबी सोडून मधलीं सगळीं स्टेशनें बंद झालीं, रिबलहेडहि. इंगलटनची ती भांडणाची लाइन तर १९५४ मध्येंच उतारूंना बंद झाली होती. तिचा उंच पूल आतां रुळांवांचून उभा आहे. रिबलहेडच्या पुलांत पाणी मुरूं लागलें, विटा सुटूं लागल्या, आणि १९८५ पासून त्यावर एकच रूळमार्ग ठेवण्यांत आला. पूल दुरुस्त करावयास अतोनात खर्च येईल असें कारण पुढें करून ब्रिटिश रेल्वेनें संबंध लाइनच बंद करण्याची नोटीस काढली. ह्या वेळीं मात्र लोक जागे होते. लाइनीच्या मित्रांची एक संस्था १९८१ मध्येंच स्थापन झाली होती. सुमारें बावीस हजार हरकती दाखल झाल्या, आणि त्यांतली एक एका कुत्र्याची होती. ह्यांत थट्टा नाहीं. तो कुत्रा, रसवर्प त्याचें नांव, नेहमीं तिकीट काढून ह्या गाडीनें जाई, म्हणून उतारूच्या नात्यानें त्याच्या पंजाचा ठसा ग्राह्य धरला गेला! ११ एप्रिल १९८९ रोजीं सरकारनें लाइन चालू ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. पुलाची दुरुस्ती झाली, आणि खर्च भाकितापेक्षां पुष्कळच कमी आला. कुत्र्याचा धनी, संस्थेचा पहिला चिटणीस ग्रॅहम नटल, १९९० च्या जानेवारींत वेल्सच्या डोंगरांत फिरावयास गेला असतां मरण पावला. कुत्रा अकरा आठवडे हिवाळ्यांत त्याच्या प्रेताजवळ बसून होता. गार्सडेल स्टेशनांत त्याचा ब्रॉन्झचा पुतळा २००९ सालीं बसविला आहे.

लाइन वांचली तेव्हां ती बांधणाऱ्यांकडेहि लोकांचें लक्ष गेलें. मॅलरस्टँगच्या सेंट मेरीच्या अंगणांत २५ जणांसाठीं, मजूर आणि त्यांच्या घरचीं माणसें धरून, एक स्मारकशिळा बसली. चॅपल-ले-डेलच्या अंगणांतहि नव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास स्मारक उभें राहिलें. तें आंतल्या जुन्या फलकासारखें अपघातापुरतें नाहीं, तेथें विसावलेल्या सर्वांसाठीं आहे. सव्वाशें वर्षांनीं कां होईना, बायका आणि मुलें हिशेबांत आलीं. कबरांवर मात्र बहुतेक ठिकाणीं दगड नाहीं. गवत आहे, आणि वसंतांत रानफुलें.

खोपट्या काम संपतांच मोडल्या गेल्या. बॅटी मॉसवर सरकारनें ती जागा प्राचीन स्मारक म्हणून राखली आहे. सूर्य कलता असला म्हणजे पुलाच्या पायथ्याशीं गवताखालीं जोत्यांच्या आणि रुळांच्या वाटांच्या उंचवट रेघा दिसतात. वरून कार्लाइलची गाडी आजहि जाते. सेबास्टोपोल, इंकरमन आणि जेरिको हीं गांवें आतां दोनच जागीं उरलीं आहेत: त्या रेघांत, आणि संत लिओनार्दच्या दफनाच्या वहींत, डावीकडून दुसऱ्या रकान्यांत.